श्वास आणि गाऱ्हाणे

(द्वितीय वर्ष, कला)

'ताण' हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात दोरीला, कुंपणाच्या तारेला, किंवा फार तर उसवत आलेल्या शिवणीला लागत असे. आज तो माणसाला लागला आहे, आणि तोही इंग्रजी वेषात. सकाळी महाविद्यालयाच्या फाटकाशी दोन मैत्रिणी भेटल्या की 'कशी आहेस?' या प्रश्नाला 'टेन्शनमध्ये' हे उत्तर ठरलेले. पेपरचे टेन्शन, फीचे टेन्शन, शेवटची एस. टी. चुकण्याचे टेन्शन, आणि घरी पाहुणे 'सहज' येऊन गेल्याचे टेन्शन. (हे शेवटचे मुलींना समजावून सांगावे लागणार नाही, मुलांनी आपापल्या बहिणींना विचारावे.)

या दुखण्यावर एक औषध सध्या सर्वत्र सुचवले जाते, ते म्हणजे श्वास. शिबिरात श्वास, वर्तमानपत्राच्या पुरवणीत श्वास, योगदिनी मैदानावर सतरंज्या टाकून श्वास. आता तर मोबाईलमध्ये श्वास मोजणारी ॲप्स निघाली असून त्यांची वार्षिक वर्गणीही असते. हवा फुकट आहे, पण ती आत-बाहेर कधी करायची हे सांगण्याचे पैसे पडतात! असो.

मागे एका व्याख्यानाला आम्ही पुष्कळजणी बसलो होतो. व्याख्याते सज्जन होते. त्यांनी सर्वांना ताठ बसवले, सावकाश श्वास घ्यायला आणि त्याहून सावकाश सोडायला लावले. पाच मिनिटांत सभागृहातली कुजबुज थांबली आणि खरोखरच बरे वाटले. मग ते म्हणाले की ताण बाहेर कुठेच नसतो, तो तुमच्या मनात असतो. श्वास सुधारा, प्रश्न उरणार नाहीत. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत मी नव्हते. त्यांच्या म्हणण्यातला पहिला अर्धा भाग मला शंभर टक्के मान्य आहे, आणि दुसरा अर्धा मुळीच मान्य नाही. ही वाटणी नीट करावी, एवढ्यासाठीच हा लेख.

आधी मान्य असलेला भाग घेऊ. श्वासाचा आणि काळजाच्या धडधडीचा संबंध आहे की नाही, हे कळायला कोणा गुरूची गरज नाही. डाव्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची तीन बोटे ठेवा आणि नाडी सापडली की डोळे उघडेच ठेवून सावकाश श्वास घ्या. ठोके किंचित जवळजवळ येतात. आता तितक्याच सावकाश, किंबहुना जास्त सावकाश, श्वास सोडा. ठोक्यांमधले अंतर वाढते. आपल्या वयात हा फरक बोटांना सहज कळतो. वसतिगृहातल्या आमच्या खोलीत आम्ही चौघींनी हा प्रयोग केला आणि चौघींनाही तो जाणवला. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने ही गोष्ट १८४७ साली नोंदवून ठेवली आहे.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. माणसाचे हृदय सगळ्या मज्जातंतूंपासून मोकळे केले, तर तरुण वयात ते आपल्या आपण मिनिटाला सुमारे १०० ठोके देत राहील. पण स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी सत्तरच्या आसपास असते. म्हणजे कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसले आहे. तो ब्रेक म्हणजे मेंदूपासून निघून गळ्यातून, छातीतून थेट पोटापर्यंत गेलेली 'व्हेगस' नावाची नस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ भटका, आणि ही नस खरोखरच अंगभर भटकते. श्वास आत घेताना हा ब्रेक सैल होतो, सोडताना पुन्हा दाबला जातो. त्यामुळे घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ दिला, तर ब्रेकही जास्त वेळ दाबलेला राहतो. सगळ्या 'तंत्रा'चे सार एवढेच आहे.

हा ब्रेक रसायनाने चालतो हे ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकांच्या दोन हृदयांवर दाखवले. एका हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली, ते मंदावले. मग त्याच्याभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयाला दिले, तर तेही मंदावले. पुढे १९३६ साली या संशोधनासाठी त्यांना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

याउलट, भीती वाटली की ब्रेक सुटतो आणि दुसरी यंत्रणा जागी होते. कुत्रे अंगावर आले तर पळता यावे म्हणून ती निसर्गाने दिली आहे. हृदय धावते, तोंड कोरडे पडते, बोटे गार होतात, श्वास छातीच्या वरच्या भागात उथळ चालू लागतो. पळायचे असेल तर हे सर्व ठीक. पण तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर रांगेत उभे असताना पळायचे कुठे? शरीर पळण्याची तयारी करून बसते आणि आपण जागच्या जागी. मग भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरते, बोटांना मुंग्या येतात, आणि रात्रभर पाठ केलेले उत्तर नेमके तेव्हाच नाहीसे होते. अभ्यास झाला नव्हता असे नाही. जिभेवर यायला तो अडला, एवढेच.

हृदयाला 'हळू चाल' असे सांगून ते ऐकत नाही, जठरालाही सांगता येत नाही. आपोआप चालणाऱ्या या कारखान्यात एक श्वासच असा आहे की जो आपला आपण चालतो आणि मनात आले तर आपल्या हातातही येतो. म्हणून तिथूनच आत शिरायचे. मनात चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सोडावा. एका फेरीला सुमारे दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण बारा ते वीस घेतो. दहा फेऱ्यांना पावणेदोन मिनिटेही लागत नाहीत. पद्मासन नको, उदबत्ती नको, डोळे मिटायला नकोत. बाकावर बसल्या बसल्या, एस. टी.च्या दांड्याला लोंबकळतानासुद्धा होते, आणि शेजारणीला कळतही नाही. जीव गुदमरल्यासारखा वाटला तर मोजणे कमी करावे. हट्ट करू नये.

उसासा हा तर आपल्याकडे अशुभच. भरल्या घरात सुस्कारे टाकू नयेत म्हणून मुलींना बोलणी बसतात. पण अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच उसाशाची बाजू घेतली आहे. नाकाने एकदा श्वास घ्यायचा, त्यावरच आणखी एक छोटा श्वास घ्यायचा, आणि मग तोंडाने लांब सोडून द्यायचा. रोज पाच मिनिटे, महिनाभर. ध्यान करणाऱ्यांच्या तुलनेत या उसासे टाकणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. चिंता मात्र सर्वच गटांत कमी झाली, हेही सांगितले पाहिजे. तरी यापुढे घरी कोणी रागावले तर उत्तर तयार आहे.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याची परंपरा जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले, आणि योगक्रियांना क्ष-किरणांपुढे व रक्तदाबाच्या यंत्रापुढे उभे केले. आज शंभर वर्षांनी आपण मात्र यंत्र बाजूला ठेवून पुन्हा चमत्कारच सांगत बसलो आहोत, याचे वाईट वाटते. जुन्या ग्रंथकारांनाही चमत्काराची घाई नव्हती. 'हठयोगप्रदीपिके'त वाघ-सिंह जसे हळूहळू माणसाळवतात तसा श्वास हळूहळू ताब्यात घ्यावा असे सांगितले आहे, आणि अतिरेक केल्यास उचकी, दमा, खोकला लागेल असा इशाराही आहे. तेव्हा चित्रफीत पाहून भस्त्रिकेचे भाते चालवणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. परीक्षेच्या धास्तीवर जलद श्वास हा उताराच नव्हे. उच्च रक्तदाब, हृदयविकार, फिट्स असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊच नये. आणि दम्याच्या मैत्रिणीने आपला पंप दप्तरातून काढून ठेवू नये, मग कोणी कितीही सांगो.

वर सहज 'दमाने घ्यावे' असे लिहून गेले. मराठीत हे सारे आधीपासूनच आहे, पाहा. दम धरणे, दम खाणे, जिवात जीव येणे, निःश्वास टाकणे. (प्राचार्य देतात तो दम वेगळा.) आपल्या भाषेने श्वास आणि धीर या दोन गोष्टी कधी अलग मानल्याच नाहीत, आणि आपल्या कष्टकरी माणसांनीही मानल्या नाहीत.

आमचे वडील सांगलीच्या बाजारात हमाली करतात. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचे, दिवसभर. ते म्हणतात, "त्वांड उघडून धापा टाकला की माणूस संपला. नाकानं घ्यायचा आन् पावलाबरुबर सोडायचा." त्यांना व्हेगस ठाऊक नाही. आज्जी तर त्याहून पुढची. गावात पिठाची गिरणी येईपर्यंत तिने पहाटे उठून जाते ओढले. मी तिला विचारले, "आज्जी, एवढ्या कष्टात तू आणि गाणं कशाला म्हणायचीस?" ती म्हणाली, "न्हाई म्हटलं तर दम लागतुया, पोरी. आन् मनातलं सांगायचं कुणाला? जात्याला सांगायचं. जातं चुगली करत न्हाई."

आज्जीच्या या दोन वाक्यांत मला माझ्या लेखाचा विषय सापडला. ओवीची एक ओळ म्हणायची म्हणजे श्वास लांबवर, बेताबेताने सोडावा लागतो. २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेवीस निरोगी माणसांना त्यांनी कॅथॉलिक जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला. आणि रक्तदाबात सुमारे दहा सेकंदांची जी नैसर्गिक लाट असते, तिच्याशी तो जुळला. 'प्राणायाम आमच्या धर्मात बसत नाही' म्हणणाऱ्यांना आणि 'प्राणायाम फक्त आमच्याच धर्माचा' म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे वाचायला द्यावे. शरीर धर्म विचारत नाही. जात्यावरच्या बाईचा श्वास मिनिटाला सहा होता असे मी म्हणत नाही; दळणे ही अंगमेहनत आहे, तिथे श्वास जास्तच लागणार. पण तो विस्कटू न देण्याचे काम ओवी करत होती, हे आज्जीचे म्हणणे मला पटते.

मात्र ओवी म्हणजे नुसते श्वासाचे तंत्र नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठोबा आहे, सीता आहे, भाऊ आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. आणि त्यांत सासुरवास आहे, अपुरे धान्य आहे, दूर दिलेल्या लेकीचे दुःख आहे. म्हणजे त्या बायकांनी श्वास लांबवला तो गाऱ्हाणे गिळण्यासाठी नव्हे, तर ते शेवटपर्यंत नीट म्हणता यावे यासाठी. व्याख्यात्यांचा आणि माझा मतभेद नेमका इथे आहे. ते आम्हांला श्वास देतात आणि ओवी काढून घेतात. ताण मनातच असतो असे एकदा म्हटले, की मग गाऱ्हाण्याला जागाच उरत नाही. उलट ज्याला अजून ताण आहे त्याचाच श्वास चुकला, असे ठरते.

आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहेत. त्यांचा ताण कशाचा असतो? शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर आला नाही की मेसचे पैसे थकतात. मग संचालिकेसमोरून मान खाली घालून जायचे. तास इंग्रजीत चालतो आणि शेवटी 'काही शंका?' असे विचारले की वर्ग गप्प. शंका नाहीत म्हणून नव्हे, शंका विचारायला लागणारे इंग्रजी नाही म्हणून. एखादीला दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले की 'हे शेवटचं वर्ष हं' असे ऐकावे लागते. एखादा ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांच्या मागे धाकट्या भावंडांना सांभाळून परीक्षेला येतो. यातले काय मनात आहे? चार मोजून श्वास घ्या आणि सहा मोजून सोडा, मेसचे बिल तेवढेच राहते. बिलासंबंधी बोलायला जाताना आवाज कापत नाही, हा मात्र फायदा आहे, आणि तो लहान नाही.

वडिलांच्याच धंद्याचे उदाहरण पुन्हा घेते. हमाल श्वास सांभाळून ओझे वाहत आले ते पिढ्यान्‌पिढ्या. पण त्यांना भविष्य निर्वाह निधी, रजा, उपदान हे मिळू लागले ते १९६९ सालच्या माथाडी कायद्यामुळे, आणि तो कायदा श्वासाने झाला नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी हमालांना एकत्र केले, मागणी केली, म्हणून झाला. ओझे पेलायला एक दम लागतो आणि ओझ्याविषयी बोलायला दुसरा. पहिलाच दम शिकवून दुसऱ्याला 'नकारात्मक विचार' म्हणणे, हा मला अन्याय वाटतो.

यावर कोणी प्राध्यापक म्हणतील, की महाविद्यालयाने सगळ्या घरांचे प्रश्न सोडवायचे का? नाही. पण काही प्रश्न महाविद्यालयाच्या आवारातच आहेत. शिष्यवृत्तीचे कोणते कागद अपुरे आहेत याची यादी फलकावर महिन्याअखेर लागली, तर पन्नास जणांची धडधड त्या दिवशी थांबेल. शंका मराठीत विचारली तरी चालेल असे प्रत्येक तासाला एकदा म्हटले, तर खर्च काहीच नाही. परीक्षेत उत्तरपत्रिका हाती आल्यापासून प्रश्नपत्रिका मिळेपर्यंत जी थोडी मिनिटे असतात, त्यांत पर्यवेक्षकांनी सूचनांचा भडिमार करण्याऐवजी दोन मिनिटे वर्ग शांत ठेवावा. ज्यांना श्वास मोजायचा ते मोजतील, ज्यांना देवाचे नाव घ्यायचे ते घेतील. श्वासाची ही पद्धत शारीरिक शिक्षण विभागाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात नाडीवर बोट ठेवून शिकवावी, म्हणजे ती भाबडेपणाने घ्यावी लागणार नाही आणि भाबडेपणाने नाकारलीही जाणार नाही.

आणखी एक. ताण आणि आजार यांत अंतर आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात राम वाटत नाही, अशा मैत्रिणीला 'खोल श्वास घे' म्हणून आपण निघून जाणे बरे नव्हे. तिच्याजवळ बसावे, घरच्यांशी किंवा विश्वासातल्या शिक्षकांशी बोलावे, डॉक्टरांकडे जावे. शासनाची 'टेलिमानस' ही विनाशुल्क सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. त्यावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वाचनालयाच्या दारावर लिहिलेला असावा असे मला वाटते. सध्या तिथे 'शांतता राखा' एवढेच लिहिलेले आहे.

येत्या वर्षी विद्यार्थी मंडळाने ताणावर कार्यक्रम घेतला तर माझी सूचना अशी: तास एकच असावा, वीस मिनिटे श्वासाला आणि चाळीस मिनिटे गाऱ्हाण्याला. गाऱ्हाणी चिठ्ठीवर लिहून घ्यावीत, नाव घालण्याची सक्ती नसावी, आणि ज्यांवर कार्यालय काही करू शकते ती त्याच ठिकाणी वेगळी काढावीत. कार्यालयातल्या मंडळींनाही निमंत्रण असावे. पहिल्या वीस मिनिटांना ते आले तर आनंदच आहे. कामामुळे जमले नाही तरी चालेल, पण पुढच्या चाळीस मिनिटांना त्यांनी अवश्य यावे.